फॉर्मवर 'हो' लिही

दादर, मुंबई

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, स्कूबा डायव्हिंगच्या मेडिकल फॉर्मवर दम्याचं कशाला लिहायचं? दहा वर्षांत पंप हातात घेतला नाहीये." तेव्हा मी गप्प बसले. पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले. फोनवर माझा आवाज चढतो आणि मग बोलायचं ते राहूनच जातं.

अंदमानला जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. शिवाजी पार्कच्या तलावात तुला पहिल्यांदा उतरवलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस. पाण्याची तुझी ओढ मला तेव्हापासून माहीत आहे. पण त्याआधीच्या पावसाळी रात्रीही मी विसरलेले नाही. तुला मांडीवर घेऊन, नेब्युलायझरचा मास्क तोंडाशी धरून बसायचे. दर श्वासाला तुझ्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा. तो ओढला जायचा थांबला की मगच तुला खाली ठेवायचे.

पोहणं वेगळं आणि टाकी लावून खाली जाणं वेगळं. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि टाकीतली हवाही तुला त्याच दाबाने मिळते. तिथे भरून घेतलेला श्वास कोंडून वर आलीस, तर तीच हवा फुफ्फुसात दुप्पट जागा मागते. म्हणून तर पहिला नियम शिकवतात, श्वास कधीही रोखायचा नाही. पण श्वासनलिका आकसली असेल, तर तू रोखला नाहीस तरी हवा आत अडकून राहते आणि वर येताना फुफ्फुसाला इजा करते. मला भीती आहे ती एवढ्याचीच.

तेव्हा फॉर्मवर 'हो' लिही. 'हो' लिहिलं म्हणून कोणी लगेच परत पाठवत नाही, डॉक्टरांनी तपासून सही द्यावी लागते. मी आपल्या छातीच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे. नळीत फुंकायची ती तपासणी करू, धावल्यावर काय होतं तेही बघू देत. त्यांनी 'नाही' म्हटलं तर मी येते तुझ्याबरोबर, दोघी वरवर मास्क लावून पोवळी बघू.

'हो' म्हणाले, तर थिअरी आणि पूलमधला सराव पुण्यातच उरकून घे. मग तिकडे फक्त समुद्रातल्या चार डाइव्ह उरतील आणि हॅवलॉक बेटावरचे दिवस वर्गात बसून जाणार नाहीत. सर्दी झाली असेल त्या दिवशी मात्र उतरू नकोस, पैसे भरलेले असले तरी. नाक चोंदलेलं असलं की कानातला दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होते.

आता तुझं अंदमानचं वेळापत्रक. शनिवारी दुपारी दोनला शेवटची डाइव्ह, चारची बोट आणि रविवारी सकाळी सातचं विमान. मी बोटांवर मोजलं, सतराच तास होतात. सलग काही दिवस डाइव्ह केल्या तर विमानाआधी निदान अठरा तास जायला हवेत, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन तोवर पुरता बाहेर पडलेला नसतो. वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. एका तासाने काय होतंय, असं म्हणू नकोस. विमान सोमवारचं कर. रविवारी सेल्युलर जेल बघ, तुझ्या आजोबांची फार इच्छा होती, राहूनच गेलं त्यांचं. तिकीट बदलायचे पैसे मी देते.

शुक्रवारी रात्रीच ये, म्हणजे सकाळी धावपळ होणार नाही. जुन्या फाइली मी माळ्यावरून काढून ठेवल्या आहेत.

तुझी,
आई

ता. क. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो म्हणे. 'सगळं ठीक' म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. तुला येता-जाता अंगठा दाखवायची सवय आहे, आतापासून मोड.