मा. आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: पोरीच्या तळहातावरचे फोड ओळखायचे कुणी?

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितोय, गावाचं नाव टाकत नाही, उद्या इथल्या नर्सताईंनाच नोटीस जायची. परवा आमच्या सरकारी दवाखान्यात पोरीची नखं दाखवली, मुळापासून सुटून निघायला लागलीत, तर म्हणाले कॅल्शियम कमी आहे, बाटली लिहून देतो. महिन्याभरापूर्वी तिथंच तिच्या अंगावरचं पुरळ बघून घामोळं म्हणाले होते, आणि त्याच्या आदल्या दिवशी तोंडातले फोड बघून उष्णता. एकच आजार, तीन नावं, आणि तिन्ही चुकीची.

पोरगी पावणेतीन वर्षांची. आधी ताप आला, मग जेवण बंद, मग सारखी लाळ गळायला लागली. पाण्याचा घोट घेतला की किंचाळायची, रात्रभर बायको आणि मी आळीपाळीनं तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचो. आमच्या आईनं कांजण्या समजून उंबऱ्याला लिंबाचा पाला बांधला, शेजारचे म्हणाले जनावरांची लाळ-खुरकूत लागली असणार, म्हशीजवळ नेऊ नका. दवाखान्यातनं अँटिबायोटिक मिळालं, ते गिळेना, गिळलेलं उलटून पडायचं. उसाची तोड तोंडावर, डेअरीचं दूध घालायला माणूस नाही, आणि पोरगी तहानेनं मलूल. शेवटी उसनवारी करून मिरजेला एका खाजगी डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी तळहात बघितला, तळपाय बघितला, कुल्ल्यावरचं पुरळ बघितलं, टॉर्च लावून तोंडात बघितलं आणि म्हणाले हँड फूट माउथ. दोन मिनिटं लागली ओ त्यांना.

ते सांगत गेले ते मी मोबाईलवर लिहून घेतलं, तुमच्या खात्यानं केलं नाही म्हणून इथं टाकतोय. हा विषाणूचा आजार, कॉक्ससॅकी किंवा एंटेरोव्हायरस, पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना जास्त. लागण झाल्यावर ३ ते ६ दिवसांनी ताप, पाठोपाठ तोंडात दुखरे फोड, मग तळहात-तळपायावर लाल ठिपके नाहीतर पाणी भरलेले बारके फोड, कधी गुडघ्या-कोपरावर पण. कांजण्या पोटा-पाठीवर जास्त येतात आणि खाजतात, हे तळव्यावर येतं आणि तोंडात जास्त दुखतं. अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, तापाला वजनाप्रमाणं पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, थंड दूध, गार केलेली पेज, ओआरएस थोडं थोडं पाजत राहायचं, ७ ते १० दिवसांत बहुतेक पोरं बरी होतात. भीती पाणी कमी पडायची. आठ तास लघवी नाही, ताप तीन दिवसांच्या वर, पोरगं सारखं झोपेत, दचकतंय, मान ताठ, तर लगेच मोठ्या दवाखान्यात. जनावरांच्या लाळ-खुरकुतीचा विषाणू वेगळाच, म्हशीचा काही दोष नाही. आणि काही पोरांची नखं महिन्या-दीड महिन्यानं गळतात, दुखत नाहीत, परत येतात. हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती कॅल्शियमची बाटली मी घेतली नाही.

आता म्हशीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आमच्या म्हशीच्या कानात १२ आकडी बिल्ला आहे, लाळ-खुरकुतीची लस सरकार फुकट देतंय, माणूस गोठ्यापर्यंत येतो, २०१९ पासून त्याचा देशभर कार्यक्रम आहे. चांगलंच आहे, तक्रार नाही. पोरांसाठी आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात या आजाराची लस नाही, मान्य, पण अंगणवाडीच्या भिंतीवर चार फोटोंचा एक कागद तरी? तो कागद नव्हता म्हणून फोड आलेली पोरं तशीच अंगणवाडीत बसली, एकाच ताटलीतनं खाल्लं, आणि बघता बघता निम्मी अंगणवाडी आजारी. सेविकाताईंना कुणी शिकवलंच नाही, त्या बिचाऱ्या सॅनिटायझर लावत बसल्या, या विषाणूवर त्याचा भरवसा नाही म्हणे, साबण-पाणीच पाहिजे, आणि पोरगं बरं झाल्यावरही शौचातून विषाणू कितीतरी आठवडे जात राहतो.

माहिती नव्हती असं म्हणू नका. २०२२ ला केरळात टोमॅटो फ्लू म्हणून गाजलं ते याच जातीचं, ऑगस्टमध्ये केंद्रानं राज्यांना सूचना पण पाठवल्या होत्या. त्या कुठल्या फायलीत झोपल्यात तेवढं बघा.

आणि निवडणुकीत आमच्या चौकात एक उमेदवार येऊन गेले, दर आठवड्याला बालरोगतज्ज्ञ बसवतो म्हणाले. फ्लेक्स अजून आहे, डॉक्टर नाही. पण त्यांचं तरी काय, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करणार आणि राज्यं २०२० पर्यंत बजेटच्या ८ टक्क्यांच्या वर जाणार. कुठं आहेत ते टक्के? कमानीला पैसा आहे, वाढदिवसाच्या शिबिराला आहे, शिबिरात बीपी मोजून फोटो काढायला आहे. ३० हजार माणसांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा तुमचाच निकष, त्यात डॉक्टर आठवड्यातनं किती वेळ जागेवर असतो ते अचानक येऊन बघा, आधी फोन करून येऊ नका, फोन केला की रांगोळी काढतात.

मागणी फार नाही. अंगणवाडीत आणि दवाखान्यात फोटोवाला कागद लावा, मराठीत. आशाताई आणि सेविकांना अर्धा दिवस शिकवा. अंगणवाडीची पोरं वर्षातनं दोनदा तपासायला तुमची गाडी येते, त्यांना तळहात उलटे करून बघायला सांगा. महापुरात गावोगाव भोंगे फिरवता येतात, तसं पावसाळ्यात घंटागाडीवर या आजाराचं पण दोन मिनिटं वाजवा.

आणि उत्तरात "आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे" एवढंच असेल तर पाठवू नका, ते एक माझ्याकडं आधीचं आहे.

आपला,
एक बाप, जि. सांगली