विषय : चार वेळा 'दुरुस्त' झालेली गाडी आणि तुमच्या संगणकातला समाधानी मी

सातारा
दि. २१ ऑगस्ट २०२५

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

काल दुपारी तुमच्या टोल फ्री नंबरवर २३ मिनिटं घालवली, त्यातली १४ तुमची धून ऐकण्यात गेली. म्हणून आता लेखी. मॉडेल आणि चेसिस नंबर पुन्हा लिहीत बसत नाही. गाडी तुम्हीच बनवली आहे, आणि तक्रार क्रमांक टाकला की सगळं दिसतं असं तुमचेच लोक सांगतात. नंबर तर गेल्या चौदा महिन्यांत फोनवर इतक्यांदा सांगितलाय की माझ्या नातीलाही पाठ झालाय.

गाडी २०१४ची, पेट्रोल, १ लाख १२ हजार किलोमीटर. नऊ वर्षं तिने कुरकुर केली नाही, हे आधीच कबूल करतो. मग कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी व्हायला लागलं. जून २०२४मध्ये तुमच्या अधिकृत वर्कशॉपने होज पाइप बदलला, २,१४० रुपये. सप्टेंबरमध्ये वॉटर पंप, ६,८७०. जानेवारीत थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं हाउसिंग तडकलं, ४,३१०. मे महिन्यात रेडिएटर, ११,९००. एकूण २५,२२० रुपये झाले आणि आज सकाळी टाकीतली पातळी पुन्हा 'मिन'च्या खाली आहे.

मी एसटीच्या डेपोत वर्कशॉपला ३१ वर्षं काढली. त्यामुळे पुढचं तुम्हाला समजावून सांगायची माझी इच्छा नाही, पण तुमच्या माणसांना कोणीतरी सांगायला हवं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं की सिलिंडरमधला गॅस पाण्याच्या वाटेत घुसतो आणि तिथला दाब वाढतो. दाब वाढला की जो भाग सगळ्यात कमजोर तो आधी फुटतो. तो बदलला की त्याच्या पुढचा. तुम्ही चौदा महिने फुटलेली वस्तू बदलताय, फोडणाऱ्याला कोणी हात लावलेला नाही. इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे येतात. ऑईलचं झाकण उघडलं की आतून कॉफीवरच्या फेसासारखी पिवळट साय बोटाला लागते. कूलंटमध्ये गॅस आहे का हे तपासायचं निळं द्रव असतं, गॅस असला की पिवळं पडतं, दहा मिनिटांचं काम. तिसऱ्या वेळी मी ही तपासणी मागितली, तर सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "काका, सिस्टीममध्ये तसा जॉब येत नाही." चौथ्या वेळीही तेच उत्तर, फक्त मुलगा नवा.

१८ मेचं सांगतो, कारण तो दिवस तुमच्या जॉब कार्डावर 'कस्टमर रिपोर्टेड हीटिंग' एवढाच आहे. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढत होतो. मागे नात, शेजारी मंडळी. तापमानाचा काटा वर गेला आणि मग एकदम खाली आला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चला, थंड झाली. मी हीटर लावला. मे महिन्यात, भर दुपारी. मंडळींना वाटलं, उन्हाने माझंच डोकं फिरलं. हीटरमधून गार हवा आली, म्हणजे आत पाणीच उरलं नव्हतं, सेन्सर नुसत्या वाफेत लटकत होता. खामजाईच्या देवळाजवळ कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दोन तास दगडावर बसलो आणि मग टोचन लावून साताऱ्याला आणली. जुना रेडिएटर दाखवा म्हटलं, तर "स्क्रॅपला गेला." वॉटर पंपही स्क्रॅपला गेला होता. हाउसिंगही. तुमचं स्क्रॅप फार तत्पर आहे, त्याचं अभिनंदन.

आता कालचा फोन. आधी एक मुलगी होती, बिचारीने नीट ऐकून घेतलं. तिने 'सीनियर'कडे दिला. या गृहस्थांनी माझं काही ऐकायच्या आत विचारलं, "सर, गाडी किती सालची?" सांगितलं. "मग सर, अकरा वर्षांच्या गाडीत थोडंफार चालायचंच." मी म्हटलं, जुनी गाडी मी तुमच्यापेक्षा जास्त पाहिली आहे, हेड उघडा. शांतता. मग, "सर, आपलं वय काय?" माझ्या वयाचा हेड गॅस्केटशी काय संबंध? "नाही सर, ज्येष्ठ नागरिकांना ऑटोमॅटिक सोयीची पडते. एक्स्चेंजवर ऑफर चालू आहे." मी म्हटलं, मला गाडी विकत घ्यायची नाही, आहे ती चालवायची आहे. तेव्हा ते म्हणाले, आणि हे मी शब्दशः लिहून ठेवलंय, "सर, सिस्टीममध्ये तर आपण चारही वेळा दहापैकी दहा दिलेत. आपण समाधानी आहात."

समाधानी! ते दहा कसे मिळतात हे तुम्हाला माहीत नाही? प्रत्येक सर्व्हिसनंतर तिसऱ्या दिवशी एक पोर फोन करतो. "काका, दहाच द्या, नऊ दिले तर माझा इन्सेंटिव्ह कापतात." मी त्या पोराच्या पगाराला दहा दिले, तुमच्या रेडिएटरला नाही. आणि तेच दहा काल माझ्या तोंडावर मारले. मी "आपण समाधानी आहात" हे वाक्य काल रात्री जेवताना मोठ्याने म्हणून पाहिलं. मंडळी म्हणाल्या, पुरे आता, भात गार होतोय.

माझ्या शब्दावर धाकट्या भावाने तुमची गाडी घेतली, जावयाने घेतली. जावई आता भेटला की पहिला प्रश्न कूलंटचा विचारतो. सासऱ्याची अशी शोभा कोणत्या ऑफरमध्ये बसते ते कळवा.

काय हवंय ते स्पष्ट लिहितो. हेड गॅस्केटची तपासणी माझ्यासमोर करा. दोष तोच निघाला तर दुरुस्ती तुमच्या खर्चाने करा आणि उगाच बदललेल्या भागांचे २५,२२० परत करा. यापुढे काढलेला प्रत्येक भाग माझ्या हातात द्या. आणि हो, हेड उघडा. सांगितलं होतं आधी, पण तुमच्याकडे एकदा सांगून भागत नाही.

पंधरा दिवस वाट बघतो. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, फोन आणि जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ती मला साताऱ्यातच दाखल करता येते आणि पाच लाखांच्या आत शुल्कही लागत नाही. निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे. चारही बिलं, जॉब कार्डं आणि ऑईलच्या झाकणाचा फोटो सोबत जोडला आहे.

(सही)

ता.क. पत्र पाकिटात घालताना तुमचा मेसेज आला : 'कालच्या संवादाला किती गुण द्याल?' शून्याचं बटण नाही. एकपासून सुरू होतंय.