घाबरू नका म्हणायला काय जातं!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या अंकातला वसुलीच्या खोट्या फोनवरचा लेख वाचला. माहिती उपयोगी आहे, आभार. पण 'नागरिकांनी घाबरून न जाता शांतपणे फोन बंद करावा' असं लिहिणाऱ्याच्या घरी तसा फोन कधी आलेला दिसत नाही.

आमच्याकडे गेल्या महिन्यात आला. रात्री सव्वानऊला. मी खाली कट्ट्यावर, मोबाइल घरात, फोन सौ.ने घेतला. कर्ज थकलंय, वॉरंट निघालंय, उद्या अकराच्या आत भरा नाहीतर पोलीस दारात, सगळं हिंदीत. मी वर आलो तर बाई कपाटापुढे उभी. हातात रुमालात बांधलेल्या पाटल्या. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीने 18,640 लिहिलेलं, चुकू नये म्हणून दोनदा गिरवलेलं.

कर्ज आमचं नव्हतंच. ज्याच्या नावाने तो शिव्या देत होता, त्या माणसाला आम्ही ओळखतही नाही. हा नंबर मी दीड वर्षापूर्वी घेतला. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो म्हणे. त्याच्यासोबत आधीच्याचं देणंही आमच्या पदरात पडलं असावं.

पुन्हा वाजला तेव्हा मी उचलला. म्हटलं, कर्जाचे कागद पाठवा, कंपनीचं नाव सांगा. दोन्ही नाही. बरं, कुठलं कोर्ट? 'बेलगाम सेशन कोर्ट.' मग उद्या येतोच, चन्नम्मा सर्कलकडून येऊ की आरटीओकडून? गप्प. मग 'जादा होशियारी मत करो.' रात्री सव्वानऊला उघडं असलेलं कोर्ट मलाही बघायचं होतं. मला हसू आलं. सौ. पहाटेपर्यंत जागी होती.

त्याला कारण आहे. 2011 साली वडगावात माझे चार माग होते आणि सूतवाल्याला दिलेला चेक परत आला. वकिलाची नोटीस रजिस्टर पोस्टाने आली, पोस्टमनने सही घेतली, पैसे भरायला 15 दिवस मिळाले. फोनवरून कुणी वॉरंट वाचून दाखवलं नाही. पण ते 15 दिवस तिनेही काढलेत. दोन माग टेम्पोत चढले तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती. देणं काय असतं ते ज्याने पाहिलंय, त्याला 'शांतपणे' सांगू नका. मार्च 2025 मध्ये खानापूर तालुक्यातल्या बीडी गावात असल्याच फोनांपायी म्हातारं जोडपं जिवानिशी गेलं, ते काय अडाणी होते?

आणि खरे वसुलीवाले तरी कुठे सोवळे आहेत? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन नाही. फायनान्सवाल्यांच्या जाचाला आवर घालायला कर्नाटक सरकारला फेब्रुवारी 2025 मध्ये वटहुकूम काढावा लागला, 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंडाचा. खरेच असे दार ठोठावणार, तर खोट्यावर लोकांचा विश्वास बसणारच.

लेखात 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर दिलाय, तो पैसे गेल्यावर तातडीने लावायचा. पैसे गेले नसतील आणि नुसताच फोन आला असेल, तर सरकारच्या 'संचार साथी' या वेबसाइटवर 'चक्षु' या संशयित फोन कळवायच्या विभागात नोंद करायची असते. तेवढं राहिलं.

आणखी एक. त्याच पानावर, लेखाच्या बरोबर खाली, चौकटीत जाहिरात आहे: 'पाच मिनिटांत कर्ज, जामीनदार नको, कागदपत्रे नकोत.' खाली नुसता मोबाइल नंबर, ना नाव ना पत्ता. मी लावून पाहिला. उचलणारा आधी माझाच आधार नंबर मागायला लागला, तोही हिंदीतच. पत्र छापणार असाल तर बाकी हवं ते कापा, हा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
वडगाव, बेळगाव