आधी काटा बघा, मग पंपाला नावं ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत स्विमिंग पूलच्या देखभालीवरचा लेख वाचला, तसा बरा होता पण त्यातल्या दोन गोष्टी अजिबात पटल्या नाहीत म्हणून हे पत्र. एक म्हणजे पाणी स्वच्छ हवं तर फिल्टर रोज बॅकवॉश करा (म्हणजे पाणी उलटं सोडून आतली वाळू धुवा), आणि दुसरी म्हणजे जेटची (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाची) धार कमी झाली की पंप बदलायची वेळ आली समजा. मी बरीच वर्षं पूलच्या पंपरूममध्ये काढलीयत, ह्या दोन सल्ल्यांनी पाणी आणि पैसा दोन्ही वाया जाताना डोळ्यांनी बघितलंय.

आधी बॅकवॉशचं बोलू. सँड फिल्टरची गंमत अशी की वाळू एकदम धुतलेली असते तेव्हा तो सगळ्यात चांगलं गाळत नाही, थोडा मळ दाण्यांच्या मध्ये बसला की फटी अजून बारीक होतात आणि मग बारीक कणही अडकायला लागतात. स्वच्छ वाळू साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण धरते, त्याहून बारीक असेल ते बरंचसं परत पूलमध्ये. रोज धुतलं की रोज पहिल्यापासून सुरुवात, पाणी गढूळ ते गढूळच, आणि मग लोक म्हणतात अजून धुवा! धुवायचं कधी ते फिल्टरवरचा प्रेशरचा काटा सांगतो, पण त्यासाठी बॅकवॉश झाल्या झाल्या काटा कुठे आहे ते मार्करने टाकीवरच लिहून ठेवायला लागतं, हे कोणीच करत नाही. त्या आकड्याच्या वर ८ ते १० पीएसआय (काट्यावरचं प्रेशरचं माप) चढला की बॅकवॉश, त्याआधी हात लावू नका. आणि पंप बंद केल्यावर काटा शून्यावर येतो ना तेही बघा, बंद पंपावर १५ दाखवणारे काटे मी पाहिलेत आणि त्यावर विश्वास ठेवणारी माणसंही.

धार कमी झाली तरी पहिला प्रश्न हाच की काटा कुठे आहे. काटा चढलाय आणि धार कमी, म्हणजे पाणी काट्याच्या पुढे अडतंय, फिल्टर भरलाय नाहीतर रिटर्नचा (पूलकडे परत जाणाऱ्या पाइपचा) व्हॉल्व कोणीतरी अर्धा बंद केलाय. काटा पडलाय आणि धारही कमी, म्हणजे पंपाला पाणीच पुरेसं मिळत नाहीये, तेव्हा फिल्टर धुवून काही होणार नाही, मागे जा. स्किमरची (पूलच्या भिंतीतलं वरचं पाणी ओढणारं तोंड) बास्केट, पंपाची बास्केट, पूलची पातळी (पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत तरी हवं), सक्शनचे (पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपचे) व्हॉल्व, आणि हे सगळं ठीक असेल तर इम्पेलरमध्ये (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) पानं, केस, काहीतरी अडकलंय. बास्केट तुटकी असली की हे हमखास होतं.

पण सगळ्यात जास्त डोकं खाते ती हवा. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे फिरताना दिसतात, जेटमधूनही येतात, पंप पाणी पकडत नाही, आणि गळती मात्र कुठेच दिसत नाही. दिसणार कशी, पंपाच्या आधीची पाइप सक्शनवर असते, तिथून पाणी बाहेर येत नाही तर हवा आत ओढली जाते. एका ठिकाणी ह्याच कारणासाठी पंप बदलला होता आणि नवा पंपही दुसऱ्या दिवसापासून तस्साच हवा धरायला लागला. बघितलं तर जुन्या पंपाची झाकणाची ओ-रिंग (रबरी गोल कडं) काढून नव्याला लावलेली, का तर जुनी छान मऊ वाटत होती म्हणे, आणि तिला एक बारीक चीर. चालू पंपावर झाकणाभोवती आणि एकेका जॉइंटवर मगाने पाणी ओता, ज्या जागी ओतल्यावर बुडबुडे थांबले ती जागा पकडा, बस. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं.

पंपाने पाणी सोडलं असेल (आत हवा भरून पाणी ओढणं थांबलं असेल) तर पंप बंद करून, व्हॉल्वही बंद करून झाकण उघडा, बास्केटची जागा पाण्याने काठोकाठ भरा, झाकण घट्ट बसवा, व्हॉल्व उघडा, फिल्टरवरचा हवा सोडायचा व्हॉल्वही उघडा आणि मग चालू करा. दोन-तीन मिनिटांत पाणी आलं नाही तर बंद करून कारण शोधा. येईल येईल करत कोरडा चालवत ठेवला की मेकॅनिकल सील (पंपातलं पाणी मोटारकडे जाऊ न देणारं) तापून जातं, मग पंप आणि मोटारच्या मधून थेंब पडायला लागतात, ते पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि एका ओ-रिंगचं दुखणं मोटारपर्यंत पोचतं.

आवाजही ओळखता येतो. दगड खडखडल्यासारखा आवाज म्हणजे सक्शन चोक आहे, किंचाळल्यासारखा म्हणजे बेअरिंग. मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही तर कपॅसिटर (मोटार सुरू व्हायला जोर देणारा भाग) गेलाय किंवा इम्पेलर जाम आहे, पण कपॅसिटरला हात घालू नका, सप्लाय बंद केल्यावरही त्यात करंट साठलेला असतो. आणि एक मजेशीर प्रकार, मोठ्या पूलला थ्री फेज मोटार असते, पॅनलवर काम झालं आणि दोन फेज अदलाबदल झाले की मोटार उलटी फिरते, तरीही थोडं पाणी येतंच! त्यामुळे कोणाला संशय येत नाही, महिनाभर सगळे फिल्टर धूत बसतात. मोटारच्या मागचा पंखा बाणाच्या दिशेने फिरतो का एवढंच बघायचं असतं. ईएलसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप होत असेल तर मात्र तो बायपास करून पूल चालू ठेवणाऱ्याला काय म्हणावं, पाण्यात माणसं असतात हो.

मल्टिपोर्ट व्हॉल्वचं (फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट असे पाण्याचे मार्ग बदलणारा) हँडल पंप चालू असताना फिरवू नका, आतलं गॅस्केट सुटतं आणि मग फिल्टरवर असतानाही पाणी गुपचूप वेस्टच्या लाइनने जात राहतं, पूलची पातळी रोज का उतरते ते कळत नाही. बॅकवॉशनंतर अर्धा-एक मिनिट रिन्स करा (सुटलेला मळ वेस्टला जाऊ द्या). रिन्स करूनही पूलच्या तळाला वाळू दिसत असेल तर आतली लॅटरल (वाळूखालची बारीक फटींची पाइप) तुटलीय, ते उघडल्याशिवाय होणार नाही.

आणि काटाही बरोबर, धारही बरोबर, तरी पाणी दुधट? मग फिल्टरला सोडा आणि पाणी तपासा, पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आहे का, फ्री क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेलं) १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आहे का. क्लोरीन नसलेल्या पाण्यातली शेवाळं फिल्टर गाळून संपवू शकत नाही, ती गाळतो त्यापेक्षा जास्त वेगाने वाढतात.

लेखात तळाच्या ड्रेनच्या जाळीचा उल्लेखच नव्हता. ती फुटलेली किंवा निघालेली असेल तर पंप लगेच बंद आणि पूलही बंद, सक्शनमध्ये माणूस ओढला जाऊन अडकतो. अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांची मुलगी अशीच गेली, तिच्या नावाने २००७ मध्ये तिथे कायदा झाला.

रोज बॅकवॉशचा सल्ला तेवढा पुढच्या अंकात दुरुस्त करून छापता आला तर बघा.

आपला,
पंपरूममधला एक वाचक