रस्ता रिकामा होता म्हणे

मा. संपादक,

गेल्या रविवारी पहाटे मेव्हण्याला लोहगाव एअरपोर्टला सोडून कोथरूडला परत येत होतो. चार-सव्वाचार झाले असतील, सिग्नल नुसते पिवळे ब्लिंक करत होते, कर्वे रोडवर चिटपाखरू नाही. दिवसा ह्याच रोडवर सेकंड गिअरच्या वर जाता येत नाही, त्याचा सूड उगवल्यासारखा पाय दाबला आणि काटा गेला 90 ला. नळस्टॉपच्या पुढे डावीकडून एक पोरगा पेपरचा गठ्ठा खांद्यावर घेऊन सरळ रस्त्यात उतरला, माझ्याकडे न बघताच. करकचून ब्रेक मारला, गाडी तिरकी होत त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. फुटपाथवर बाकीचे पुरवण्या भरत बसलेले, त्यातला एक म्हणाला, "काका, विमान चुकतंय का?"

सोसायटीत हे सांगितलं तर एकजण म्हणे चूक त्याचीच, न बघता उतरलाच कसा. अहो पण तो कशाला बघेल? रस्ता मोकळाय असं जसं मला वाटलं तसंच त्यालाही वाटलं, एकाच भरवशावर मी सुसाट आणि तो निवांत, फक्त माझ्याभोवती टनभर पत्रा होता आणि त्याच्या खांद्यावर तुमचा पेपर.

घरी आल्यावर हिशोब केला (झोप येणार नव्हतीच). 90 ला गाडी सेकंदाला 25 मीटर जाते. पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, पुढे थांबायला चाळीस-पंचेचाळीस मीटर, म्हणजे सत्तरेक मीटर झाले. 60 ला हेच सगळं 35-40 मध्ये आटपतं. आणि लो बीमचा उजेड सत्तर मीटरपर्यंत धड पोचत पण नाही, म्हणजे मी ज्याला रिकामा रस्ता म्हणत होतो तो फक्त माझ्या लाइटात आला तेवढाच. वाचली किती तर फार तर पाच मिनिटं, ती खाली पार्किंगमध्ये स्टिअरिंग धरून बसण्यात गेली.

चलान अजून तरी आलेलं नाही. 2019 च्या सुधारित कायद्यात कारला 1000 ते 2000 दंड आहे, आला असता तर भरून, शिव्या घालून विसरलो असतो.

एक विनंती, तुमच्या वितरणवाल्यांना सांगून ह्या पोरांना रिफ्लेक्टरची जॅकेटं मिळतील का बघा. माझी चूक त्यानं झाकली जात नाही, पण पहाटे एअरपोर्टवरून येणारा मी काही एकटाच नाही.

– एक वाचक, कोथरूड