नागीश्वरीचे नाव पाटीवर हवे

महोदय,
१९५१मध्ये आपल्या वडोदऱ्यातल्या अकोट्यात सापडलेल्या ६८ जैन धातुमूर्तींपैकी जीवंतस्वामीची (दीक्षेपूर्वीच्या, राजपुत्ररूपातल्या महावीरांची) सहाव्या शतकातली मूर्ती अभ्यासकांना चांगलीच ठाऊक आहे. तिच्या पीठावरचा लेख सांगतो की हे दान चंद्रकुलातल्या (जैन साधूंच्या एका परंपरेतल्या) नागीश्वरी श्राविकेचे, म्हणजे जैन गृहस्थ उपासिकेचे. ही बाई राणी किंवा आचार्यांची कोणी होती, असे लेख म्हणत नाही. तिचा पुरावा एवढाच. संग्रहालयांतल्या पाट्या मात्र बहुधा देव, धातू, शतक सांगून थांबतात. (ओताऱ्याला तर कुठेच जागा नसते.)

असे लेख वाचायला फार खर्च लागत नाही. खोली अंधारी करावी, कॅमेरा स्टँडवर पक्का बसवावा आणि एकच दिवा पृष्ठभागापासून १०-१५ अंशांवर आळीपाळीने चारही बाजूंनी धरून फोटो घ्यावेत. दिवा एकाच बाजूने धरला, तर प्रकाशाच्याच दिशेने जाणाऱ्या रेघांची सावली पडत नाही आणि मात्रा गळतात. धातूवर शाईचा ठसा नकोच. चिंच लावून घासणे तर त्याहून वाईट, उथळ अक्षरे कायमची झिजतात.

मग पाटीवर एक ओळ वाढवायची: ‘दान: नागीश्वरी श्राविका, चंद्रकुल’.

– एक वाचक, वडोदरा