गणित विभागाचा हिशेब मांडताना

मा. उच्च शिक्षणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

गणित विभाग चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे ठरवताना पटसंख्या आणि नोकऱ्या असे दोनच रकाने पाहिले जातात. त्यावर आमची मंडळी ठरलेला दाखला देतात : गणितज्ञ योहान राडॉन यांनी १९१७ साली निव्वळ गणित म्हणून सोडवलेला प्रश्न पुढे सीटी स्कॅनच्या मुळाशी निघाला. दाखला अर्धाच खरा आहे. सीटीचं गणित १९६३ मध्ये मांडणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉरमॅक यांना राडॉनचं काम तेव्हा ठाऊकच नव्हतं. त्यांनी ते नव्याने केलं. म्हणजे कपाटातला शोधनिबंध कामी आला नाही, प्रश्न मुळापासून सोडवू शकणारा माणूस कामी आला. विद्यापीठ हवं ते असा माणूस घडवायला.

आता एक प्रश्न पाहा. शून्यापासून कोणतीही पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. ४१, ४३, ४७, ५३... ० ते ३९ पर्यंत प्रत्येक उत्तर मूळ संख्या. ४० ला १६८१ येतं, म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळीस वेळा पडताळून ‘सिद्ध झालं’ लिहिणारा इथे फसतो. ‘असं का?’ विचारणाऱ्याला मात्र दिसतं की ४०चा वर्ग अधिक ४० म्हणजे ४० गुणिले ४१. त्यात आणखी एक ४१ पडला की झालंच.

ही सवय फळ्यावरून उतरवून घेता येत नाही. विद्यार्थ्याने सिद्धता लिहायची आणि कुठला ‘म्हणून’ लागू होत नाही ते शिक्षकाने वहीत दाखवायचं. एका सिद्धतेला सहा मिनिटं धरली, तर आठवड्याला पाच गणितं आणि २० जणांची तुकडी म्हणजे तपासणीचे दहा तास. तुकडी ८० ची केली की चाळीस. मग वह्या तपासणं थांबतं, परीक्षेत तीच ती प्रमेयं येतात आणि मुलं एप्सिलॉन-डेल्टाची (म्हणजे ‘लिमिट’ची काटेकोर) व्याख्या स्तोत्रासारखी पाठ करतात. (पैकीच्या पैकी गुणही मिळवतात, हा त्यातला विनोद.)

म्हणून मागणी एवढीच : वह्या तपासण्याचे तास कार्यभारात मोजावेत, ट्यूटोरियलची तुकडी २० च्या वर जाऊ नये आणि प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान २५ टक्के गुण वर्गात न सोडवलेल्या प्रश्नांना असावेत. विभाग बंद करायचा की नाही, ते त्यानंतर पाच वर्षांनी या उत्तरपत्रिका पाहून ठरवा.

आपले,
गणिताचे काही प्राध्यापक